मार्क न विचारणारा माणूस

कल्पनाताईंचा फोन आला की मी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवतो आणि हातातलं काम चालू ठेवतो. दर दोन-तीन मिनिटांनी 'हो का?' म्हटलं की पुरतं, बाकीचं सगळं त्या एकट्या सांभाळतात. त्या रविवारी सकाळी मी भेंडी चिरत होतो. फोन टेबलावर ठेवला, सुरी उचलली, आणि पलीकडून दोनच शब्द आले, "सर गेले." मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते आलंच नाही. कल्पनाताई गप्प बसल्या आहेत हे जेव्हा माझ्या लक्षात आलं... तेव्हा सुरी खाली ठेवली.

बस्त्याव सर जाऊन आता सहा आठवडे होतील. चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी मनाची तयारी ठेवायला सांगितलंच होतं. पण ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणालाही 'आता काही होऊ शकत नाही' असं सांगितलं नाही, त्याच्याबद्दल तसं ऐकायची सवय कुणालाच नव्हती.

आम्ही दोघे वसईतल्या एका मराठी शाळेत मास्तर. ते विज्ञान शिकवायचे, मी गणित. ते पिढ्यानपिढ्या तिथल्याच पापडी गावचे, घरामागे केळीची वाडी. मी साताऱ्याकडचा, नोकरीच्या मागे इकडे आलो आणि गोखिवऱ्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये रुजलो. शाळेत आमचं फारसं पटत नसे, त्यातही दहावीच्या निकालाच्या दिवशी तर अजिबातच नाही. मुलं 'पुढे काय करू' विचारायला यायची. माझी पद्धत सोपी होती. मार्क किती? ऐंशीच्या वर सायन्स, साठच्या वर कॉमर्स, त्याखाली आयटीआय आणि त्याच्याही खाली 'उद्या वडिलांना घेऊन ये'. मिनिटाला तीन मुलं मी अक्षरशः निकालात काढत असे. शेजारच्या वर्गात बस्त्याव सर एकाच पोराशी पाऊण तास बोलत बसलेले असत आणि ते पोर हसत बाहेर पडे. मी विचारायचो, "किती होते त्याला?" सर कपाळावर हात मारून म्हणायचे, "अरेच्चा, ते विचारायचंच राहिलं!"

निवृत्त झाल्यावर लोक गावच्या पतपेढीत जातात, चर्चच्या समितीत जातात, नाहीतर गुडघे दुखवून घेतात. बस्त्याव सरांनी समुपदेशनाच्या पदविकेला नाव घातलं. घरी बसून अभ्यास, शनिवार-रविवार मुंबईला वर्ग, बाकी सगळे विद्यार्थी पंचविशीतले. तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, "समोरची व्यक्ती रडायला लागली तर काय कराल?" सर म्हणाले, "रडू देईन." बाई म्हणाल्या, "आणि मग?" सर म्हणाले, "मग विचारीन, पाणी हवं का." त्यांना वाटलं, नापास झालो. त्यात उत्तम गुण मिळाले. नापास झाले ते संख्याशास्त्रात. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या खेपेला ते गुणपत्रक घेऊन गोखिवऱ्याला माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "शिंदे, मला शिकवा. मी ढ आहे, पण चिवट आहे." चार महिने दर रविवारी पापडीला जाऊन मी त्यांना सरासरी आणि विचलन शिकवलं. तिसऱ्या खेपेला ते पास झाले. त्या नापास गुणपत्रकाला त्यांनी चौकट केली आणि पडवीत लावलं. रेजिनाबाय, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "पदविकेचं प्रमाणपत्र लावा की!" सर म्हणाले, "ते बघून येणाऱ्याला काय धीर येणार?"

त्याच पडवीत रविवारी सकाळी, चर्चमधली मिस्सा आटोपली की, त्यांचं काम सुरू झालं. बाहेर खडूने लिहिलेली पाटी, 'पुढे काय? या, बोलू.' वयाची अट नाही, शिक्षणाची नाही, फी नाही. संख्याशास्त्र संपलं तरी मला रविवारची सवय लागली होती. शिवाय सरांचं हे नुसतं बोलणं मला फार ढिसाळ वाटे. म्हणून मी एक संगणकावरची कल चाचणी विकत घेतली. दीडशे प्रश्न, दीड तास, शेवटी छापील अहवाल. लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन मी पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसू लागलो. लोक आम्हाला 'बोलणारे सर' आणि 'मशीनवाले सर' म्हणू लागले. उद्घाटन म्हणून आम्ही दोघांनीच चाचणी दिली. सरांचा अहवाल आला : 'माणसांशी कमीत कमी संबंध येईल अशी कामे योग्य. उदा. दीपगृह.' माझा आला : 'पुष्परचना, केशरचना.' सर इतके हसले की रेजिनाबाय स्वयंपाकघरातून धावत आल्या. मी अहवाल फाडून टाकला, मात्र चाचणीवरचा विश्वास ढळू दिला नाही. शास्त्र म्हटलं की एखाद-दुसरी चूक व्हायचीच.

सर सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचे, "गेल्या आठवड्यात कुठलं काम करताना तुझं वेळेचं भान गेलं?" उत्तर मिळालं की कागदावर तीन रस्ते लिहून घ्यायचे. पहिला अडला तर दुसरा, दुसरा अडला तर तिसरा. मी एकदा म्हटलं, "सर, तुम्ही पोरांना उगीच आशा लावता." ते म्हणाले, "पावसात पाणी भरून स्टेशनचा रस्ता बंद झाला तर तुम्ही शाळेत यायचं सोडता का? गल्लीबोळातून येता. का? कारण तुम्हाला बोळ माहीत आहेत. आशा म्हणजे तेवढंच, शिंदे. 'सगळं छान होईल' असं मी कुणालाच सांगत नाही. मी फक्त बोळ दाखवतो."

बोळ कधी चुकायचेही. एका मुलाला त्यांनी मधमाश्या पाळायला प्रोत्साहन दिलं. मुलगा तरबेज होता, माश्याही आनंदात होत्या. इतक्या आनंदात, की शेजारच्या लग्नात त्या न बोलावता मांडवात आल्या. नवरदेव विहिरीमागे सापडला. सरांनी घरोघरी जाऊन माफी मागितली आणि पुढच्या रविवारी त्या मुलाबरोबर पुन्हा कागद घेऊन बसले. तो आता एका शीतगृहात नोकरीला आहे. तिथे माशी फिरकत नाही.

कल्पनाताई पहिल्यांदा आल्या त्या मुलाला घेऊन. आगाशीच्या पलीकडच्या भातशेतीच्या गावातल्या त्या, वय चाळिशीचं, लहानपणी पोलिओ झालेला, उजव्या पायात लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. चालल्या की गंजलेल्या फाटकासारखा आवाज यायचा. मुलगा नितेश, बारावी झालेला. सरांनी त्याला विचारलं, "तुला काय आवडतं?"

"त्याला काय आवडनार? झोप आवडते," कल्पनाताई म्हणाल्या.

"त्याला बोलू द्या ना."

"तो नाय बोलत. मी बोलते ना!"

मग त्या बोलल्या. आगाशीहून कुठली बस किती वाजता सुटते, कुठला ड्रायव्हर कुठे टपरीवर थांबतो, कुठल्या कंडक्टरची बायको माहेरी गेल्यामुळे पहिली फेरी उशिरा निघते... वीस मिनिटं. मी चाचणी सुरू करायला लॅपटॉप उघडला होता, तो झोपी गेला. सर मात्र पुढे सरकून ऐकत होते. मग त्यांनी त्यांचा तो नेहमीचा प्रश्न विचारला, पण नितेशला नाही. कल्पनाताईंना. त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, परवा शाळेची गाडी वाटेत बंद पडली, तेव्हा घरच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी सगळ्या आयांना फोन केले, ओळखीच्या रिक्षा वळवल्या, कोणतं पोर कुठल्या रिक्षात ते सांगितलं आणि दिवेलागणीच्या आत गावातली सगळी पोरं घरी आणली. "त्या दिवशी मी जेवायचीच इसरले," त्या म्हणाल्या.

"हेच तुमचं काम," सर म्हणाले.

"मला कोन काम देनार सर? आठवी शिकलेली बाई मी. आन हा पाय."

"पाय गाडी चालवायला लागतो. गाड्या चालवून घ्यायला डोकं आणि तोंड लागतं. तुमच्याकडे दोन्ही आहेत. दुसरं तर जरा जास्तच आहे."

मी त्यांना चाचणीला बसवलं. सगळ्या प्रश्नांना त्यांनी 'सांगता येत नाही' हे एकच उत्तर दिलं, कारण ते बटण हाताला जवळ होतं. अहवाल आला : 'माहिती अपुरी.' ज्या बाईने वीस मिनिटांत मला वसई तालुक्याची सगळी माहिती दिली होती, तिच्याबद्दल!

पहिला रस्ता सरकारी नोकरीचा, तिथे शिक्षण आडवं आलं. दुसरा गोखिवऱ्याच्या एका शाळाबस ठेकेदाराचा, त्याने तीनदा 'नंतर या' सांगितलं. तिसरा रस्ता सरांनी शोधला तो असा की, 'नंतर या' म्हटलं की जायचंच नाही, तिथेच बसायचं. कल्पनाताई ठेकेदाराच्या ऑफिसात बाकावर बसल्या आणि वाजणारा फोन कुणी उचलत नाही म्हटल्यावर उचलू लागल्या. आठवडाभराने ठेकेदारालाच ड्रायव्हर विचारू लागले, "ताईंना विचारलं का?" त्याने निमूट खुर्ची दिली. आज त्याच्या गाड्यांवर लोक घड्याळ लावतात. आणि नितेश एका बेकरीत पाव करतो, पहाटे चारला उठतो. त्याच्या आईला अजून ते खरं वाटत नाही.

आता माझ्या घरची गोष्ट सांगायला हवी. ती सांगताना अजूनही मान खाली जाते. माझी मुलगी मुग्धा तेव्हा मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला मीच तिथे घातलं होतं. मार्क ऐंशीच्या बरेच वर होते. एका रविवारी मला ताप आला, म्हणून लॅपटॉप घेऊन तिला पापडीला पाठवलं. तिथे कल्पनाताई नोकरीची बातमी सांगायला आल्या होत्या. मुग्धाने त्यांच्या कॅलिपरचा तो आवाज ऐकला आणि विचारलं, "काकू, बघू का?" सरांच्या वाडीतल्या पंपाची हत्यारं आणि वंगण घेऊन ती पडवीत मांडी घालून बसली. बिजागरी उघडली, घासली, एक पट्टी वाकवून नीट केली. कल्पनाताई उठून अंगणात चालल्या... आणि आवाज आला नाही. त्या परत फिरून आल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. मुग्धा घरी आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि ती जेवली नव्हती. मला वाटलं, चाचणीला गर्दी असेल.

त्यानंतर ती दर बुधवारी सरांकडे जाऊ लागली. मला पत्ता नाही. कृत्रिम हातपाय आणि कॅलिपर बनवायचं रीतसर शिक्षण असतं हे तिने आणि सरांनी शोधून काढलं. 'बाबांना सांग' असं सर प्रत्येक बुधवारी म्हणत, 'पुढच्या बुधवारी सांगते' असं ती म्हणे. शेवटी मला कळलं ते कॉलेजच्या मेसेजवरून, की आपल्या पाल्याने परीक्षेचा अर्ज भरलेला नाही.

मी स्कूटर काढली आणि थेट पापडी गाठली. पडवीत उभा राहून काय काय बोललो ते आता लिहवत नाही. "दुसऱ्यांच्या मुलांवर प्रयोग करता, माझी तरी सोडायची होती!" हे नक्की म्हणालो. सर उठून उभे राहिले. म्हणाले, "शिंदे, चूक झाली. तिला तुमच्याशी बोलायला मी भाग पाडायला हवं होतं, ते माझ्याकडून झालं नाही. त्याची माफी मागतो. पण तिचा रस्ता चूक नाही, त्याची माफी मागणार नाही." मी रागाने प्रिंटर उचलला, स्कूटरच्या पुढच्या जागेत कोंबला, वायर चाकात जाऊ नये म्हणून गळ्यात घातली आणि निघालो. चर्चपर्यंत आल्यावर लक्षात आलं, लॅपटॉपचा चार्जर तिथेच राहिला. तावातावाने भांडून निघालेल्या माणसाला चार्जरसाठी परत जावं लागणं, याच्याइतकी नामुष्की दुसरी नाही. रेजिनाबाय फाटकात चार्जर घेऊन उभ्याच होत्या. तो त्यांनी माझ्या हातात ठेवला. मी गळ्यात वायर घालून काय बोलणार?

सात महिने आम्ही बोललो नाही. अखेर मी मुग्धाला म्हटलं, "तू चाचणी दे. शास्त्र सांगेल ते मी मान्य करीन." ती मुकाट्याने दीडशे प्रश्न सोडवून उठली. प्रिंटरमधून कागद आला : 'यंत्रज्ञान आणि रुग्णसेवा यांचा मेळ असलेली क्षेत्रे अत्यंत अनुकूल.' मी म्हटलं, हिने मुद्दाम तशी उत्तरं दिली. माझी बायको सुमन तेव्हापर्यंत या प्रकरणात काही बोलली नव्हती. ती म्हणाली, "माणसाशी भांडून झालं. आता मशीनशी भांडायचं आहे का?"

पुढच्या आठवड्यात मी मुग्धाबरोबर कृत्रिम हातपाय बनवायला शिकवणारी ती संस्था बघायला मुंबईला गेलो. बाहेरच्या दालनात एक आजोबा नवा पाय लावून दोन आडव्या दांड्यांच्या मधून चालायला शिकत होते. पहिलं पाऊल टाकलं, थांबले आणि समोर दिसली म्हणून मुग्धालाच विचारलं, "पोरी, बरोबर पडलं का गं?" ती म्हणाली, "थोडं डावीकडे झुकताय. सावकाश या." ते आले. आजोबा हसत होते, ती हसत होती. मी खिडकीकडे तोंड करून बराच वेळ बाहेरच्या भिंतीकडे बघत राहिलो... बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

त्या रविवारी मी पुन्हा प्रिंटर स्कूटरवर घालून पापडीला गेलो. सर पाटीवर खडू फिरवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मशीन दुरुस्त झालं?"

"मशीन ठीक होतं," मी म्हटलं, "मास्तर बिघडला होता."

"मग बसा. आज गर्दी आहे."

एवढ्यावर आमचं भांडण संपलं. मुग्धा आता त्याच कामात आहे. कल्पनाताईंचा नवा कॅलिपर तिनेच बनवला. निम्म्या वजनाचा, बिनआवाजाचा. कल्पनाताईंची एकच तक्रार आहे, की आता ऑफिसात त्या आल्याचं ड्रायव्हरांना आधी कळत नाही. खरं तर ती ड्रायव्हरांची तक्रार आहे.

सरांना दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा ते फार थकलेले होते. एक तरुण नर्स त्यांच्या पलंगाशी उभी राहून हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मी आत जाताच ती गप्प झाली. सर म्हणाले, "थांबा शिंदे, तिचा तिसरा रस्ता राहिलाय." मी बाहेर जाऊन बसलो. नंतर आत गेलो तर म्हणाले, "निवृत्त झाल्यावर काय करायचं ठरवलंत?"

मला वाटलं, औषधांनी भ्रम झाला. "सर, मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली."

"ते माहीत आहे हो," ते म्हणाले. "काय ठरवलंत?"

तीच आमची शेवटची भेट.

दफनविधीला येणाऱ्यांसाठी कल्पनाताईंनी चार शाळाबस काढल्या. विधी साडेचारला म्हणजे साडेचारला. फादरांनाही त्यांनी दोनदा फोन करून वेळ पक्की केली होती. इतकी तऱ्हेतऱ्हेची माणसं मी एका ठिकाणी पाहिली नव्हती. साप पकडणारा होता, लग्नाचे झगे शिवणारा होता, पन्नाशीत वकील झालेल्या एक बाई होत्या. माझ्या शेजारी साडी नेसलेली रोशनी उभी होती. नालासोपाऱ्यात तिचं शिवणाचं दुकान आहे. जन्माला मुलगा म्हणून आलेली, आता बाई म्हणून जगणारी. घरच्यांनी आणि कामावर ठेवणाऱ्यांनी तिला बाहेर काढलं होतं. ती म्हणाली, "मी पडवीत चढले तेव्हा सगळे बघायला लागले. सरांनी पहिलं काय विचारलं माहितीय? 'तुला कोणत्या नावाने हाक मारू?' बाकी सगळं नंतर." मूठभर माती टाकताना ती त्यांना मोठ्याने म्हणाली, "थँक्यू सर." ते इतकं स्पष्ट होतं की फादरही क्षणभर थांबले.

त्यानंतर पडवी बंद होती. पाटी कुणी लिहिली नाही. मीही तिकडे फिरकलो नाही, धीर होत नव्हता. गेल्या रविवारी रेजिनाबायचा फोन आला, "शिंदे सर, या. माणसं आलीत."

गेलो. पडवीत विरारहून आलेले एक गृहस्थ आणि त्यांची सोळा-सतरा वर्षांची मुलगी बसली होती. समोर सरांची वेताची खुर्ची रिकामी. मधल्या भागातला वेत त्यांच्या बसण्याने खोल गेलेला. मी तिच्याजवळ गेलो, पण बसायला मन धजेना. बाजूला स्टूल ओढावं की काय अशा विचारात उभा होतो. तेवढ्यात रेजिनाबाय पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि सरळ त्या खुर्चीत बसल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बारा-तेरा वर्षं आतून ऐकतेय. काय विचारायचं ते पाठ झालंय मला. आणि खरं सांगू? ते बोलायचे जरा जास्तच. मी कमी बोलेन."

त्या गृहस्थांनी घसा साफ केला. "हिचं असं आहे की..."

रेजिनाबायनी नुसता हात वर केला. ते थांबले. मग त्या मुलीकडे बघत राहिल्या. काही न विचारता. एक मिनिट गेलं, दोन गेली. वाडीत केळीची पानं एकमेकांवर घासत होती. वडिलांनी पुन्हा तोंड उघडलं, मिटलं. माझ्यातला मास्तर अस्वस्थ झाला. इतका वेळ वर्गात गप्प राहायची मला सवय नाही. आणि मग ती मुलगी, खाली बघत, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मला ना..." आणि बोलायला लागली.

माझं तिथे काही काम नव्हतं. मी हळूच स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, पाहुण्यांसाठी निदान चहा तरी टाकावा. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. भांडं सापडलं, पावडर सापडली, साखर काही सापडेना. एकामागून एक डबे उघडत होतो, झाकणं खाली पडत होती. बाहेरून, मान न वळवता, रेजिनाबायचा आवाज आला, "शिंदे सर, साखर निळ्या डब्यात आहे. आणि आवाज करू नका. पोरगी बोलतेय."